दिवसातून तीन वेळा

"गेल्या चोवीस तासांत आपल्या मलविसर्जनाची वारंवारिता काय होती?" मी विचारलं.

मगदूम मावशींनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या कागदाकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"पोरी, संडासला किती वेळा गेले, असं इचारतीयास का?"

"हो."

"मग तसं इचार की. नऊ."

मी नऊ लिहिलं. "रक्त?"

"हाय की. निम्म्याला निम्मं रक्तच जातंय."

मी पान उलटलं. पुढचे प्रश्न परदेशातून इंग्रजीत आले होते आणि दिल्लीतल्या कुणीतरी ते मराठीत आणले होते. एक अक्षर बदलायला बंदी होती. मी वाचलं, "आतड्यांच्या तक्रारीमुळे गेल्या पंधरा दिवसांत फुरसतीच्या वेळेतील छंद व क्रीडाप्रकारांत सहभागी होण्यास आपणांस कितपत अडचण आली? एक म्हणजे अजिबात नाही, सात म्हणजे सतत."

"क्रीडा म्हंजे?"

"खेळ."

"पहाटे पाचाला उठून चाळीस पोरांच्या भाकरी थापते मी. त्यो खेळात धरायचा का?"

मी चार लिहिलं. मधला आकडा लिहिला की पुढे कुणी काही विचारत नाही, एवढं त्या नोकरीने मला शिकवलं होतं.

या गोष्टीला आता सतरा वर्षं झाली. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, बी.एस्सी. झालेली, आणि सांगलीच्या एका खाजगी हॉस्पिटलात संशोधन समन्वयक म्हणून लागले होते. हॉस्पिटलचं नाव सांगून उपयोग नाही, त्या जागी आज मंगल कार्यालय आहे. समन्वयक म्हणजे काय, हे मला घरी कधीच नीट सांगता आलं नाही. पेशंटला फोन करायचा, वेळेवर बोलवायचं, प्रश्न विचारायचे, उत्तरं लिहायची आणि डॉक्टरांच्या सह्या घ्यायच्या, एवढं काम. आईने शेजारी सांगून ठेवलं होतं की शैलजा औषधाचा शोध लावते आहे.

आजाराचं नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात, दिवसातून आठ-दहा वेळा धावावं लागतं आणि रक्त जातं. माणूस घराबाहेर पडताना आधी संडास कुठे आहे ते शोधतो. एका परदेशी कंपनीने यावर नवी गोळी काढली होती आणि ती जगभर तपासायची होती. निम्म्या पेशंटना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पिठाची. कुणाला कुठली, हे पेशंटला माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही, मलाही नाही. आठ आठवडे गोळ्या घ्यायच्या आणि दर दोन आठवड्यांनी येऊन आकडा सांगायचा. तीन किंवा त्याच्या खाली आला की पेशंट सुधारला असं समजायचं.

आमच्याकडे बारा पेशंट होते. त्यांतले अकरा चौथ्या आठवड्यात तीनवर आले. कुणी चार नाही, कुणी दोन नाही. वाटवे मास्तर तीन, बँकेतले चिवटे तीन, तासगावहून येणारी विमल तीन. निम्म्यांना नुसतं पीठ मिळत असताना अकराच्या अकरा कसे काय सुधारले, हा प्रश्न शाळेतल्या मुलालाही पडला असता. मला पडला नाही, कारण मी पदवीधर होते.

डॉ. श्रीरंग पेठ्यांनाही तो पडला नाही. ते या संशोधनाचे प्रमुख. पोटाचे मोठे डॉक्टर, बोलायला अतिशय गोड. पेशंटच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणायचे, "काय, आता बरं वाटतंय ना?" आणि त्या आवाजापुढे नाही म्हणणं कुणालाही उद्धटपणाचं वाटलं असतं. नोव्हेंबरात व्हिएन्नाला परिषद होती आणि तिथे ते आमच्या केंद्राचे आकडे सांगणार होते. तीन महिने आधीच त्यांनी त्यासाठी कोट शिवायला टाकला होता.

मगदूम मावशी बाराव्या. सगळ्यांत शेवटी आलेल्या. नाव अनुसया, वय अठ्ठेचाळीस, इंजिनिअरिंग कॉलेजच्या मागे खानावळ चालवायच्या. नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती. खानावळ त्यांनी एकटीने उभी केली होती आणि तिथल्या पोरांना त्या जेवायला वाढत तितक्याच मायेने शिव्याही देत.

त्या दिवशी त्यांचा चौथा आठवडा होता. कागद घेऊन मी डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले. मावशी बाहेर बाकावर बसल्या.

"नऊ?" डॉक्टर म्हणाले. "हे काय आहे, शैलजा?"

"त्यांनी नऊ सांगितलं, सर."

"बाकी अकरा जण तीनवर येतात आणि ही बाई नऊवर. प्रश्न कळलाय का तिला?"

"मी नीट विचारलं, सर."

"नीट विचारलं असतंस तर उत्तर नीट आलं असतं." त्यांचा आवाज चढला. पेशंटसमोरचा गोडवा ते केबिनमध्ये वापरत नसत. "जाणं वेगळं आणि होणं वेगळं. उगाच जाऊन बसतात ही माणसं. परत विचार. आणि तुला विचारता येत नसेल तर तसं सांग. या जागेसाठी माझ्या ड्रॉवरमध्ये सहा अर्ज पडून आहेत. तुझ्या वडिलांचं बघून मी तुला ठेवली आहे, हे विसरू नकोस."

माझ्या वडिलांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला होता. घरात मिळवणारी मी एकटी. हे मी त्यांना मुलाखतीत सांगितलं होतं आणि तेव्हापासून, सुरुवातीला पेशंटचे आकडे जास्त यायचे तेव्हाही, ते दर पंधरवड्याला मला परत ऐकवायचे.

मी बाहेर आले, तोंड धुतलं आणि कोरा कागद घेऊन मावशींसमोर बसले.

"मावशी, आपण जरा पुन्हा मोजू या. दहा मिनिटांत दोनदा गेलात तर ते एकच धरायचं."

"बरं."

"नुसती कळ आली आणि काही झालं नाही, तर ते सोडून द्यायचं."

"बरं."

"आणि नुसतं रक्त गेलं तर तो मल नाही. तो वेगळ्या रकान्यात जातो."

हे सगळं मी त्या क्षणी रचत होते. पण रचताना मला ते इतकं शास्त्रीय वाटलं की शेवटी शेवटी मीच त्यावर विश्वास ठेवू लागले. मावशी माझ्याकडे पाहत होत्या.

"मग किती होत्यात?"

"ते तुम्हीच सांगायचं. मला सांगता येत नाही. तसा नियम आहे."

"तीन लिही," त्या म्हणाल्या.

"रक्त?"

"थोडं लिही."

मी लिहिलं. त्यांनी खाली सही केली, अ काढताना जरा थांबून, बाकीचं एका झटक्यात. त्या संध्याकाळी मी घरी पोटभर जेवले. अवघड पेशंटला समजावून कसं सांगायचं हे आपल्याला साधलं, असं माझ्या मनात आल्याचं मला स्पष्ट आठवतं. सहाव्या आठवड्यात मला काही रचावंही लागलं नाही. मावशींनी आल्या आल्याच सांगून टाकलं, तीन. त्यांचा चेहरा उतरला होता आणि पातळ सैल झालं होतं. वजनासाठी वेगळा रकाना होता, त्यात मी वजन लिहिलं. चार किलो कमी. वजनाला गुण नव्हते.

एक्कावन्नाव्या दिवशी, रविवारी सकाळी, खानावळीतली दोन पोरं मावशींना रिक्षातून घेऊन आली. मी त्या दिवशी फायली लावायला हॉस्पिटलात होते. ड्युटीवर डॉ. नसरीन मुजावर होती. माझ्याच वयाची, मिरजेची, कमी बोलणारी. मावशींना ताप होता, नाडी एकशे चोवीस, पोट फुगून ताठ झालेलं. ओठांचा रंग गेलेला.

नसरीनने डॉ. पेठ्यांना फोन लावला. ते कुठल्याशा सेमिनारला महाबळेश्वरला होते. तिने फोन मोठ्या आवाजात ठेवला, कारण तिला एकीकडे सलाईन लावायचं होतं.

"बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल," डॉक्टर म्हणाले.

"सर, त्यांची स्वतःची खानावळ आहे."

"मग घरचं खाल्लं असेल. फाईल बघ. ती सुधारते आहे. तीन वेळा, रक्त किरकोळ. हा जंतुसंसर्ग आहे. अँटिबायोटिक दे, सलाईन दे. स्टेरॉइड देऊ नकोस, कळलं? स्टेरॉइड दिलं तर ती अभ्यासातून बाद होते. पाच दिवस राहिले आहेत फक्त."

फोन बंद झाला. नसरीनने फाईल उघडली. माझं अक्षर चांगलं आहे, त्यामुळे सगळं स्वच्छ वाचता येत होतं.

"शैलजा, हे तू घेतलेस ना आकडे?"

"हो."

"मला एकच सांग. हे त्यांना दोन दिवसांत एकदम झालंय, की आधीपासून चालूच होतं? एकदम झालं असेल तर सर म्हणतात ते बरोबर असू शकतं आणि स्टेरॉइडने त्या मरतील. आधीपासून असेल तर स्टेरॉइड न दिल्याने मरतील."

मी मावशींकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. त्या दोन पोरांपैकी एक दारात उभा राहून चपलेच्या अंगठ्याशी खेळत होता. मला वडील आठवले, ड्रॉवर आठवलं, आणि लाज वाटते सांगायला, व्हिएन्नाच्या परिषदेच्या कागदावर खाली छोट्या अक्षरांत माझं नाव येणार होतं, तेही आठवलं.

"नऊ," मी म्हणाले. "चौथ्या आठवड्यातच नऊ होते. निम्मं रक्त. तीन मी करून घेतले."

 नसरीनने माझे शब्द फाईलमध्ये लिहिले, समोर वेळ घातली, सही केली. मग तपासणीला नमुने पाठवले, स्टेरॉइडचं इंजेक्शन सुरू केलं, रक्ताच्या बाटल्या मागवल्या आणि सर्जनना फोन केला. फोन ठेवल्यावर म्हणाली, "तू आता बाहेर बस." मी बसले.

जंतू निघाले नाहीत. आजार आधीपासूनच वाढत चालला होता. चार दिवस वाट पाहून सर्जननी मावशींचं मोठं आतडं काढलं आणि पोटाला पिशवी लावली. त्या वाचल्या. सर्जन म्हणाले की एक दिवस आणखी गेला असता तर आतडं आतच फाटलं असतं.

डॉ. पेठे सोमवारी आले. ते मला रागावले नाहीत. कागदावर लिहून निस्तरता येणाऱ्या गोष्टींवर ते कधी रागावत नसत. त्यांनी एक खुलासा सांगितला आणि मी तो टाईप केला: 'भाषेच्या अडचणीमुळे रुग्णास प्रश्नाचे आकलन न झाल्याने नोंदींत तफावत आढळते.' रुग्ण सांगलीची, डॉक्टर सांगलीचे, मी सांगलीची, प्रश्न मराठीत. खाली तपासणाऱ्याची सही लागत होती. ती मी केली. ज्या हाताने मी हे आता लिहिते आहे त्याच हाताने केली. एकदा खरं बोलून झालं होतं, आता पुढचं कुणीतरी बघेल, अशी मी माझी समजूत घातली होती.

डॉ. पेठे व्हिएन्नाला जाऊन आले. बारापैकी अकरा रुग्णांत सुधारणा, एक रुग्ण 'अन्य कारणाने' बाहेर. टाळ्या पडल्या म्हणे. कंपनीने आमच्या केंद्राला उत्कृष्ट कामगिरीची काचेची ढाल दिली. ती स्वागतकक्षात ठेवली गेली आणि तिच्यावरची धूळ पुसणं माझ्या कामांत आलं.

पुढे चौदा महिन्यांनी जगभरचा अभ्यास पुरा झाला आणि कुणाला कुठली गोळी होती त्याची यादी आली. औषध चाललं नाही. पिठाच्या गोळीइतकाच त्याचा गुण. आमच्या सुधारलेल्या अकरांपैकी सहा जणांना पीठ मिळालं होतं. मगदूम मावशींना खरी गोळी होती.

ती यादी मी तीनदा वाचली. पिठाने सहा जणांची आतडी बरी केली, हे कुठल्याही हिशोबात बसत नव्हतं. म्हणजे ते सहा जण बरे झालेच नव्हते. मग ते सगळे तीन का म्हणत होते? मावशींसाठी मी जे रचलं ते मी त्यांच्यापैकी कुणालाही सांगितलं नव्हतं. माझ्या एका नोंदीचं उत्तर तेवढं मला माहीत होतं. मी दोन पाकिटं तयार केली. एकात राजीनामा. दुसऱ्यात संशोधनावर देखरेख ठेवणाऱ्या नीतिविषयक समितीला पत्र, सगळं सविस्तर. दोन्ही एकाच दिवशी देऊन मी घरी आले. आईला सांगितलं की औषधाचा शोध लागला नाही.

समितीची बैठक महिन्याभराने हॉस्पिटलच्या वरच्या हॉलमध्ये झाली. अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश. बाकी एक वकील, दोन डॉक्टर आणि एक समाजसेविका, ज्या बटाटेवड्यांची व्यवस्था नीट झाली आहे ना हे तीनदा पाहून आल्या. डॉ. पेठे शांत होते. त्यांनी मावशींचा सहीचा कागद पुढे केला.

"आकडा रुग्णाने स्वतः सांगितला आहे, सही तिची आहे," ते म्हणाले. "शैलजा भावनाप्रधान मुलगी आहे. अपराधीपणाच्या भरात ती सगळं स्वतःवर ओढवून घेते आहे."

न्यायाधीशांनी मावशींना बोलावून घेतलं. त्या बाहेर बसल्या होत्या. वजन परत आलं होतं, पातळ नीट चोपून नेसलेलं, पिशवी लावली आहे हे सांगितल्याशिवाय कळलं नसतं. मी त्यांना ऑपरेशननंतर तोंड दाखवलं नव्हतं.

"बाई, ही सही तुमची?"

"माझीच."

"तीन हा आकडा तुम्हीच सांगितलात?"

"व्हय. मीच सांगितला."

डॉ. पेठे खुर्चीत मागे टेकले.

"खरे किती होते?"

"नऊ. कधी धा."

"मग तीन का सांगितलंत? या मुलीने तुम्हाला मोजण्याची वेगळी पद्धत समजावली, असं ती म्हणते."

"ती काय काय समजावत हुती," मावशी म्हणाल्या. "दोनाचं एक आन् कळ सोडायची. मला त्यातलं काय बी पटलं न्हवतं. मी चाळीस पोरांचं जेवान मोजते, मला नऊ कळत न्हाईत व्हय? पर आत डॉक्टर तिला बोलत हुते ते बाहीर बाकावर समदं ऐकू येतंय. भिंत कुठं हाय तिथं, फळ्याच हायत. ड्रॉवरात सहा अर्ज, बा आजारी, समदं ऐकलं. शेजारी वाटवे मास्तर बसल्याले. मास्तर म्हनले, 'नवीन दिसता. आमी समदे तीनच सांगतो. जास्ती सांगितलं की त्या पोरीला आत बोलवून झापतेत. नोकरी जाईल तिची.' मग पोरगी बाहीर आली, डोळं लाल. मी म्हनलं, लिही तीन."

 वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सगळेच तसं सांगत होते?" न्यायाधीशांनी विचारलं.

"अकराच्या अकरा. इमल तर रडायची, लई तरास व्हता तिला. पर सांगायची तीन."

मी खाली पाहत होते. दीड वर्ष मला वाटत होतं की एका साध्या बाईला मी गंडवलं. मला जगातल्या सगळ्यांत आजारी बारा माणसांनी बाकावर बसून सांभाळलं होतं, आणि मी त्याला संशोधन म्हणत होते.

लिहून घेणाऱ्या कारकुनाने मान वर केली. "साहेब, हे कसं लिहू?"

न्यायाधीशांनी विचार केला. मग सांगितलं आणि त्याने लिहिलं. पुढे मी ते इतिवृत्त मागवून घेतलं, माझ्याकडे आहे. वाक्य असं आहे: 'सर्व सहभागी रुग्णांनी संशोधनास संपूर्ण सहकार्य केले.'

त्या हॉस्पिटलात पुढे दोन वर्षं चाचण्या बंद राहिल्या. वाटवे मास्तरांसकट सगळ्यांना बोलावून नव्याने तपासलं गेलं, आणि बऱ्याच जणांना जी औषधं केव्हाच द्यायला हवी होती ती त्यानंतर मिळाली. डॉ. पेठ्यांना लेखी समज मिळाली. ते पुण्याला गेले. तिथे एका संस्थेत ते संशोधनातली नीतिमत्ता शिकवतात आणि चांगलं शिकवतात असं ऐकते.

बैठक संपल्यावर मावशी आणि मी जिन्याने खाली आलो. त्या एकेक पायरी जपून उतरत होत्या. मी हात पुढे केला, तो त्यांनी धरला. मला माफी मागायची होती. वाक्य मी घरून पाठ करून आणलं होतं, पण आता त्यातलं काहीच उपयोगाचं उरलं नव्हतं.

फाटकाशी येऊन त्यांनी विचारलं, "मग? नोकरी ऱ्हायली का तुझी?"

"नाही, मावशी. मी राजीनामा दिला. महिना झाला."

त्या थांबल्या. माझ्याकडे पाहून त्यांनी मान हलवली.

"अगं, मग आमी समद्यांनी उगंच सोसलं की," त्या म्हणाल्या आणि रिक्षाला हात केला.